पोलीस भरतीच्या ग्राउंडवर आलेली दोन लेकरांची आई

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातल्या, गिरणा नदीकाठच्या भडगाव-पाचोरा पट्ट्यातलं आहे. मी तिथल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. पहाटे शाळेचं ग्राउंड भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी उघडं असतं आणि मी शिट्टी, टेप आणि घड्याळ घेऊन तिथे उभा असतो. ज्या बाईबद्दल लिहितोय तिला इथे नुसतं ‘ताई’ म्हणतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी तिला विचारलं, आणि जी गोष्ट मी गाळणार होतो तीच लिहा असं तिने सांगितलं.

पार्श्वभूमी

2023 चा सप्टेंबर. पोळा नुकताच झाला होता. पहाटे सव्वापाचला गेटजवळच्या निंबाखाली एक बाई उभी दिसली. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी डोक्यावरून, पायात घरातली चप्पल. बहिणीला किंवा पुतणीला सोडायला आली असेल असं वाटलं. पोरी वॉर्मअपला गेल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, “सर, वयाची अट किती शे?”

वय 30 पूर्ण. ओबीसी. म्हणजे मर्यादा 33 पर्यंत. खुल्या गटात असती तर 28 ला दार बंद झालं असतं. उंची मोजली तर 157 सेंटीमीटर, महिलांसाठी 155 लागते. शिक्षण बी.ए. शाळेत असताना खो-खो खेळायची. लग्नाआधी एकदा भरतीची तयारी सुरू केली होती, तेवढ्यात स्थळ आलं आणि एकविसाव्या वर्षी लग्न झालं. मोठी मुलगी सहा वर्षांची, धाकटा दोन वर्षांचा. धाकट्याच्या वेळी सिझर. सासरी चार एकर कापूस, दोन म्हशी. नवऱ्याची पिकअप गाडी, भाजीपाला घेऊन नाशिकला जाते, त्यामुळे आठवड्यातल्या चार रात्री तो घराबाहेर.

तिला विचारलं, आता एवढ्या वर्षांनी का? गाडीच्या हप्त्याचं कारण ती सांगेल असं वाटलं होतं आणि ते तिने सांगितलंही. पण पुढे म्हणाली, “दहा वर्षं झाली सर, मी घरात काय केलं ते कुणी मोजलंच नाही. इथं घड्याळ लावून मोजतात.”

ज्यांना भरतीचं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महिला शिपायांची मैदानी चाचणी 50 गुणांची: 800 मीटर धावणं 20 गुण, 100 मीटर 15, चार किलोचा गोळाफेक 15. पूर्ण गुण हवे असतील तर 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत, 100 मीटर 14 सेकंदांत, आणि गोळा 6 मीटरवर पडायला हवा. त्यापुढे वेळ वाढेल, अंतर घटेल तसे गुण उतरतात. पास व्हायला निम्मे गुण हवेत. मग ज्या प्रवर्गात जितक्या जागा, त्याच्या दहापट उमेदवार लेखीला बोलावतात. लेखी 100 गुणांची, दीड तासाची: अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान.

मैदान 50, लेखी 100. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे.

अडचण

पहिल्या दिवशीच्या 800 मीटरला तिला 4 मिनिटं 40 सेकंद लागली. आमचं मैदान दोनशे मीटरचं, चार फेऱ्या. पहिली फेरी तिने पोरींच्या बरोबरीने मारली आणि शेवटची चालत पूर्ण केली. नवख्याचं हे नेहमीचंच. गोळा मात्र काहीही न शिकवता 4 मीटर 70 ला पडला. चाऱ्याचे भारे डोक्यावर आणि पाण्याच्या कळश्या कमरेवर वाहणाऱ्या बाईच्या खांद्यात आणि मांडीत जे असतं ते अकॅडमीत शिकणाऱ्या पोरीला दोन वर्षं लागतात मिळवायला.

पळण्याची अडचण मला दिसत होती. घरातली दिसत नव्हती. ती अशी: नवऱ्याने तिला सांगितलं होतं की आईला सध्या काही सांगू नको, शुगर होऊ नये म्हणून फिरायला जाते असं सांग. बिचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण गावात असली गोष्ट किती दिवस टिकणार? सोळाव्या दिवशी सासू दळण घेऊन गिरणीवर गेली आणि शेजारणीने विचारलं, तुमनी सून पोरेस्ना संगे पयी राहिनी, काय भरतीमा जाई राहिनी का? (तुमची सून पोरांबरोबर पळतेय, भरतीत जातेय का?) घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आते काय पयानं वय शे का तुन्हं? आनि पोरेस्ले कोन देखी?” (आता काय पळायचं वय आहे का तुझं? आणि पोरांना कोण बघणार?)

ही दोन वाक्यं ताईने मला दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगितली. आम्ही सगळ्यांनी, म्हणजे मी, तिचा नवरा आणि ती स्वतः, पहिल्या वाक्याला उत्तर द्यायला सुरुवात केली. नवऱ्याने मोबाइलवर कुठल्या कुठल्या खेळाडू आयांचे व्हिडिओ आईला दाखवले. मेरी कोमने आई झाल्यावरही जगज्जेतेपदं मिळवली, हे मी स्वतः घरी जाऊन सांगून आलो. सासूबाईंनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि काही बदललं नाही.

कारण पहिलं वाक्य रागाचं होतं. खरा प्रश्न दुसरा होता. धाकटा पावणेसहाला उठतो आणि आई दिसली नाही की घर डोक्यावर घेतो. त्या वेळी सासूबाई म्हशीखाली असतात, गुडघे दुखतात, पोराला काखेत घेऊन धार काढता येत नाही. याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं, कारण कुणी विचारच केला नव्हता.

समोरचे पर्याय

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रविवारी नवरा घरी असताना सासू-सासऱ्यांसकट चौघं बसले. मला बोलावलं होतं, पण या वेळी मी कमी बोललो. चार वाटा होत्या.

पहिली, पोरांना घेऊन सहा महिने माहेरी, चाळीसगाव तालुक्यात, जायचं. तिथे आई-भावजय पोरं बघतील. पण मुलगी नुकतीच पहिलीत बसली होती, आणि कापूस वेचणीच्या तोंडावर सून माहेरी गेली असती तर ते कायमचं मनात राहिलं असतं.

दुसरी, जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या अकॅडमीत राहून तयारी. तिथे जेवण, मैदान, लेखीचे क्लास सगळं एका जागी. पण फीचे पैसे नव्हते आणि दोन वर्षांचं पोर ठेवून राहणं तिलाच मान्य नव्हतं.

तिसरी, भरतीचा नाद सोडून अंगणवाडीची किंवा तसली गावातलीच जागा निघण्याची वाट बघायची. सासऱ्यांचा कल इकडे होता.

चौथी, घरीच राहून पहाटेचा दीड तास घराने तिला मोकळा द्यायचा.

निर्णय चौथ्याचा झाला, आणि तो करवून घेतला सासऱ्यांनी, ज्यांचं मत तिसऱ्याच्या बाजूने होतं. ते म्हणाले, पोरगं उठलं की मी त्याला गोठ्यात घेऊन बसेन, वासराजवळ ते रडत नाही. एवढंच. त्यांनी सुनेच्या स्वप्नाबद्दल एक शब्द काढला नाही. सासूबाईंनी अट घातली की कानबाईचा सण, आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि उन्हाळ्यातली वाळवणं चुकायची नाहीत. ताईने ती मान्य केली. वाळवणांचं काय होणार आहे हे तेव्हा तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

ती तीन आठवडे आलीच नाही

ऑक्टोबरात चांगली चालली होती. 4:40 वरून 4:12. मग नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती दिसेनाशी झाली. आधी एक दिवसाआड, मग अजिबात नाही.

माझ्या मनात उत्तर तयार होतं: वेचणी सुरू झाली, दिवाळी आली, उत्साह ओसरला. अशा पाच-सहा बायका मी आधी पाहिलेल्या. येतात, महिनाभर पळतात, जातात. वहीत तिच्या नावापुढे मी ‘बंद’ असं लिहून टाकलं. हा या प्रकरणातला माझा सगळ्यात मोठा चुकीचा निर्णय. एक फोन करायला काय लागत होतं?

ती बंद झाल्याचं खरं कारण मला डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या शाळेतल्या एका बाईंकडून कळलं. ताई त्यांच्या शेजारीच राहते, येणंजाणं आहे. ताईने त्यांना सांगितलं होतं की पळताना लघवी सुटते. थोडी नाही, तिसऱ्या फेरीपर्यंत सलवार ओली. आधी ती रोज पॅड लावून यायची. मग तिने रात्री आठनंतर पाणी पिणंच सोडलं, पहाटेही घोट नाही. म्हणजे मी ज्याला ‘दम कमी आहे’ आणि ‘पोटरीत गोळे येतात, सवय नाही’ असं वहीत लिहीत होतो, त्यातलं निम्मं ताईच्या तहानेतून आलेलं होतं. एके दिवशी पोरांपैकी कुणीतरी काहीतरी बोललं, किंवा तिला तसं वाटलं, आणि तिने येणं थांबवलं.

मला ती सांगणार कशी? मी पुरुष, सर, शिट्टी घेऊन उभा. आणि मी कधी विचारलंही नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीकडून मी जन्मतारीख, उंची, जात प्रवर्ग लिहून घेतो. बाळंतपण कधी झालं, कसं झालं, हा प्रश्न माझ्या फॉर्मवर नव्हताच, कारण फॉर्म विशीतल्या पोरींसाठी केलेला.

त्या बाई तिला सरकारी दवाखान्यात एका डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेल्या. तिथे दोन गोष्टी निघाल्या.

एक, हिमोग्लोबिन 8.9. बाईमाणसाचं 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायका त्यात सापडल्या, तेव्हा यात तिचं काही वेगळं नव्हतं. पण 8.9 वर 800 मीटर पळणं म्हणजे अर्ध्या भरलेल्या सिलिंडरवर पंगत उठवणं. रक्तच ऑक्सिजन वाहून नेईना तर पाय काय करतील? मी दीड महिना तिला ‘जिद्द ठेव’ म्हणत होतो.

दोन, ओटीपोटाच्या तळाशी लघवीची पिशवी आणि गर्भपिशवी पेलून धरणारे जे स्नायू असतात ते बाळंतपणांनंतर सैल पडले होते. खोकताना, शिंकताना, उडी मारताना, पळताना पोटातला दाब वाढतो, हे स्नायू तो अडवू शकत नाहीत, आणि लघवी सुटते. सिझर झालं म्हणजे हे टळलं असा गावात समज आहे. तसं नसतं, नऊ महिन्यांचं ओझं तर त्याच स्नायूंनी पेललेलं असतं. आणि मॅडमनी तिला जे सांगितलं ते तिला दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं: हे खूप बायकांना होतं आणि बहुतेकींचं व्यायामाने कमी होतं.

पळायचं की थांबायचं

इथे दुसरा मोठा निर्णय आला. डॉक्टर मॅडमचं म्हणणं असं की काही आठवडे पळणं पूर्ण बंद, आधी स्नायूंचा व्यायाम आणि रक्त. तो व्यायाम किमान तीन महिने चालला पाहिजे. माझं म्हणणं, खरं सांगतो, वेगळं होतं. जाहिरात कधीही निघेल असं सगळीकडे बोललं जात होतं. डिसेंबर-जानेवारीची थंडी म्हणजे खान्देशात पळायला वर्षातला एकमेव चांगला काळ. मार्चनंतर इथे पहाटही तापलेली असते. हा काळ सोडला तर संपलं. मी त्या बाईंकरवी निरोप पाठवला की पॅड लावून, हळू का होईना, पळत राहावं.

ताईने माझं ऐकलं नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, सहा आठवडे, ती पळाली नाही.

पण ग्राउंडवर आली, आणि हे महत्त्वाचं. पहाटेचा तो दीड तास एकदा सोडला असता तर घराने तो परत गिळला असता, हे तिला बरोबर कळलं होतं. ती जोरात चालायची, शाळेच्या स्टेजच्या पायरीवर चढउतार करायची, उठाबशा काढायची, आणि श्वास सोडत सोडत गोळा फेकायची. श्वास रोखून जोर लावला की दाब खालीच जातो, हे मला तिच्याकडून शिकायला मिळालं.

स्नायूंचा व्यायाम तिला एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी जळगावला नीट करून दाखवला होता. लघवी मधेच रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे. आठ वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही, त्याने उलट त्रास होतो. याला वेगळा वेळ लागत नाही ही त्यातली मोठी सोय. ताई सकाळचा व्यायाम भाकरी थापताना करायची, दुपारचा शेतात जाताना, रात्रीचा पोरगं झोपवताना.

रक्तासाठी लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या. गोळी मिळणं आणि अंगी लागणं यात फरक आहे. आमच्याकडे जेवणावर चहा पिण्याची रीत. चहाने लोह शोषलं जात नाही. तिने गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सुरुवात केली आणि चहा दोन तास लांब ठेवला. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, केळीच्या जिल्ह्यात राहतो म्हणून. रक्त वाढायला केळी खा, असं तिला निदान दहा जणांनी सांगितलं असेल. केळ पळायच्या आधी उत्तम, पटकन ताकद देतं, पण त्यात लोह नावापुरतंच. त्यापेक्षा कळण्याची भाकरी, म्हणजे उडीद घालून दळलेली ज्वारी, तिच्याबरोबर मेथी, शेंगदाण्याची चटणी, वर लिंबू, हे आपलं रोजचं ताट कितीतरी बरं. अडचण ताटात नव्हती, ताटाच्या पाळीत होती. सगळ्यांचं झाल्यावर ती बसायची तेव्हा भाजीचा रस्सा उरलेला असायचा. हे बदललं ते मुलीमुळे. शाळेत जायच्या घाईत ती एकटी जेवायला कुरकुर करायची, म्हणून ताई तिच्याबरोबर बसू लागली.

फेब्रुवारीत हिमोग्लोबिन 10.6. त्याच महिन्यात तिने पळायला सुरुवात केली: एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. लघवीचा त्रास पूर्ण गेला नव्हता, पण सलवार कोरडी राहू लागली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी 800 ला घड्याळ लावलं. 3 मिनिटं 51 सेकंद. पळणं बंद ठेवून आल्यावरही आधीपेक्षा एकवीस सेकंद कमी. मी वहीतला ‘बंद’ खोडला.

कागदपत्रं आणि जिल्हा

5 मार्च 2024 ला अर्ज सुरू झाले. लग्न झालेल्या बाईची भरती इथे पुन्हा एकदा अवघड होते आणि त्याचा फिटनेसशी काही संबंध नसतो. जातीचा दाखला माहेरच्या नावाने. नॉन क्रिमिलेअर माहेरच्या तालुक्यातून, वडिलांच्या उत्पन्नावर. आधार सासरच्या नावाने. बी.ए.ची मार्कशीट पुन्हा माहेरच्या नावाने. दोन्ही नावांची बाई एकच, हे सांगणारं विवाह नोंदणी प्रमाणपत्र तिच्याकडे नव्हतं, कारण लग्नाची नोंदच केली नव्हती. ग्रामपंचायतीत ती करून घेणं, चाळीसगावच्या दोन चकरा, यात ग्राउंडचे नऊ दिवस गेले. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र मात्र सरळ झालं, दोनच लेकरं.

अर्ज शिपाई पदासाठी एकाच जिल्ह्यात भरता येतो. मुंबईत जागा जास्त, तिथे कट-ऑफला वाव असेल असं पोरं म्हणत होती. पण लागली तरी पोरांसकट मुंबईत राहायचं कुठे, हा विचार करून तिने खान्देशातलाच जिल्हा घेतला. तो बरोबर होता की नाही हे मला अजून ठरवता येत नाही. फी भरली 350 रुपये.

बिबडे

एप्रिल लागला आणि सासूबाईंची अट आडवी आली. आमच्याकडे उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, कुरडया करायच्या त्या ऊन चढायच्या आत. म्हणजे पहाटे चारला चूल पेटते, घाटा म्हणजे त्यांचं पीठ शिजतं, आणि गल्लीतल्या बायका एकमेकींच्या घरी पाळीने जातात. नेमका ग्राउंडचा वेळ. संध्याकाळी पळायचं तर सात वाजताही अंगाला झळ लागते. पहिल्या आठवड्यात तीन पहाटा गेल्या.

ताईने यावर जे केलं ते मला सुचलं नसतं. तिने सुट्टी मागितली नाही. गल्लीतल्या बायकांना म्हणाली, चारला घाटा ढवळायचं काम माझं, जिच्या घरी असेल तिच्या घरी. पाच वाजता मी निघणार. आणि दुपारी वाळलेलं उचलून डब्यात भरायचं कामही माझं. घाटा ढवळणं हे त्यातलं सगळ्यात अंगमेहनतीचं काम, कुणाला नको असतं. बायकांनी आनंदाने मान्य केलं. त्यातल्या एकीने मग धाकट्याला सांभाळायलाही सुरुवात केली. सासूबाईंचा विरोध खऱ्या अर्थाने संपला तो इथे. गल्लीने होकार दिला की घराला नकार देणं जड जातं.

मे महिन्यात पाऱ्याने त्रेचाळीस ओलांडले. आम्ही पावणेपाचला सुरू करून सहाला थांबायचो. रात्रीपासून पाणी, सकाळी मीठ-साखरेचं पाणी, आल्यावर ताक. पाणी प्यायला ती आता घाबरत नव्हती. 800 चं गणित आम्ही पाठ केलं: 3 मिनिटं 20 सेकंद म्हणजे दर फेरीला 50 सेकंद, पहिल्या फेरीला 47 लागले तर समजायचं चूक झाली. आखाजीला ती माहेरी गेली, झोके खेळून आली, दोन दिवसांत परतली.

निकाल

19 जूनपासून राज्यात मैदानी सुरू झाली. तिचा नंबर आला तेव्हा पाऊस होऊन गेलेला, मैदान ओलं. नवऱ्याने गाडी एक दिवस उभी केली. 800 मीटर 3 मिनिटं 16 सेकंद. गोळा 5 मीटर 60 च्या पुढे. 100 मीटरमध्ये ती कमी पडली, ते अपेक्षित होतं. एकूण 50 पैकी 34. लेखीच्या यादीत नाव आलं. त्या दिवशी सासूबाईंनी मला शेवभाजीचं जेवण घातलं.

लेखीत 100 पैकी 57 मिळाले. एकूण 91. निवड यादी लागली तेव्हा तिच्या प्रवर्गात शेवटच्या मुलीचे गुण सहाने जास्त होते.

ती रडली की नाही मला माहीत नाही. निकालानंतर चौथ्या दिवशी ती ग्राउंडवर होती.

पुन्हा करायचं झालं तर

सहा गुण कुठे गेले हे शोधायला मी माझी वही काढली. सप्टेंबर ते जून या काळात तिच्या 800 मीटरच्या 61 नोंदी आहेत. अंकगणिताबद्दल एक ओळ नाही. दुप्पट गुणांच्या पेपरसाठी मी तिला कधी वेळापत्रक दिलं नाही, कारण मी क्रीडाशिक्षक. माझ्या डोळ्यांना घड्याळच दिसतं. ती दिवसाला जेमतेम चाळीस मिनिटं वाचायची, तीही रात्री दहानंतर, पेंगत. मैदानात 34 च्या जागी 36 करायला शेवटचे दोन महिने आम्ही झिजलो. तेवढ्या कष्टात लेखीचे दहा गुण वाढले असते असं मला आज वाटतं. निदान सहा आठवडे पळणं बंद होतं तेव्हा तरी तो वेळ गणिताला द्यायला हवा होता. तेव्हा ते ना तिच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. ती झाली असती तर सप्टेंबर-ऑक्टोबरचं पळणं वेगळं आखलं असतं आणि गोळ्या तीन महिने आधी सुरू झाल्या असत्या.

लपवून सुरुवात करण्याबद्दल माझं मत तिच्या नवऱ्यापेक्षा वेगळं आहे. तो आजही म्हणतो की आधी सांगितलं असतं तर आईने पहिल्याच दिवशी अडवलं असतं. असेलही. पण गिरणीवर परक्या तोंडून कळल्यामुळे सासूबाईंचा जो अपमान झाला तो भरून यायला एप्रिल उजाडला, आणि बिबड्यांनी भरून काढला, आम्ही नाही.

माझं डिसेंबरचं मत चुकीचं होतं हे स्पष्ट आहे. फक्त एवढं म्हणेन, जाहिरात जानेवारीतच निघाली असती तर मी चूक होतो हे कुणाला कळलंही नसतं, आणि पुढच्या बाईलाही मी पॅड लावून पळ असंच सांगितलं असतं.

जिल्ह्याच्या निवडीचा प्रश्न मी उघडाच ठेवतो. ताईचं त्यावरचं म्हणणं: “लागनू आसतू नि पोरे सोडीसन गयी आसती, तर तुमीच लिखतात का मी चुकनी.” (लागले असते आणि पोरं सोडून गेले असते, तर तुम्हीच लिहिलं असतं की मी चुकले.)

सध्या

2025 च्या अखेरीस पुन्हा जाहिरात निघाली, तिने पुन्हा अर्ज भरला. हिमोग्लोबिन 12 च्या वर आहे. पळणं आता आठवड्यातून चारच दिवस. बाकीच्या पहाटे ती ग्राउंडवर येते आणि स्टेजवर दिव्याखाली बसून गणितं सोडवते, कारण घरी बसली की कुणीतरी हाक मारतं. धाकटा अंगणवाडीत जातो.

माझ्या फॉर्मवर आता चार नवे प्रश्न आहेत: बाळंतपणं किती, शेवटचं कधी, हिमोग्लोबिन किती, आणि पळताना काही त्रास होतो का. हा फॉर्म मी भरून घेत नाही. शाळेतल्या त्याच बाई घेतात, शनिवारी, दार लावून. गेल्या वर्षात लेकरं असलेल्या तीन बायका आल्या. तिघींनीही चौथ्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिलं. चौथी परवा येऊन गेली. फॉर्म घरी घेऊन गेली आहे, अजून परत आलेली नाही. या वेळी वहीत मी काही लिहिलेलं नाही. सोमवारी बाई फोन करणार आहेत.